शरदाचा डबा

सुलाबाई वाव्हळे परभणीत मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा त्यांच्या शाळेच्या आसपास पानटपरी टिकत नसे. पोराच्या दप्तरात पुडी सापडली की बापाला बोलावणं जाई, आणि बापाच्या खिशात सापडली तर तोही पोराशेजारी बाकावर बसून मुकाट्यानं ऐकून घेई. शाळेच्या भिंतीवरची 'तंबाखूमुक्त शाळा' ही अक्षरं त्यांनी स्वतः शिडीवर चढून रंगवली होती. अशा बाईंची एकुलती एक लेक धम्मशीला हैदराबादेत जाऊन तंबाखूचीच नोकरी करू लागली, याचं ओळखीपाळखीच्या लोकांना बरेच दिवस हसू येत होतं. सुलाबाईंना येत नव्हतं. कुणी विचारलंच तर त्या सांगत, "लेक शेतीमालाच्या कंपनीत हाय," आणि विषय बदलत.

धम्मशीला त्या नोकरीत शिरली तीही ठरवून नव्हे. कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन ती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत लागली होती. पानांचे नमुने पोचवायला एकदा बन्सीधर शेठजींच्या पेढीवर गेली. पेढी निजामाच्या अमदानीतली, पाईपची तंबाखू बनवणारी. पाईप ओढणारे आता उरलेत थोडे, पण जे उरलेत ते हट्टी, आणि शेठजी त्यांच्याहून हट्टी. त्यांनी गंमत म्हणून या मुलीपुढं एक वाळकं पान धरलं. तिनं हुंगलं आणि म्हणाली, हे पान चांगलं आहे, पण कुठंतरी जिऱ्याच्या पोत्याशेजारी राहिलंय. शेठजींनी माणूस गोदामात पाठवला. पोतं जिऱ्याचंच निघालं. पुढच्या महिन्यापासून धम्मशीला पेढीच्या मिश्रणाच्या खोलीत बसू लागली.

तिथलं काम म्हणजे निरनिराळी पानं एकमेकांशी जुळवायची. एक पान सोनेरी आणि गोड, पण भरभर जळणारं, जिभेला चावणारं. दुसरं तपकिरी, कोरडं, सावकाश जळणारं. तिसरं धुरावर वाळवलेलं, काळपट. चौथं बारीक पानाचं, आंबूस. कुणाला किती घ्यायचं, किती जाड चिरायचं, किती दिवस दाबून ठेवायचं, हे सगळं नाकानं ठरे. झुरके घ्यायचे ते चवीपुरते, मग चूळ भरून मोकळं व्हायचं. व्यसन तिला कधी लागलं नाही, आणि ही गोष्ट ती आईला दर सुट्टीत नव्यानं सांगे.

पेढीचा मोठा मान शरदाच्या डब्याला, म्हणजे शरद ऋतूसाठी दरसाल नव्यानं केलेल्या मिश्रणाला होता. उन्हाळ्यात हलकी तंबाखू, थंडीत भारी, पण पावसाळा सरल्यावरचा हा मधला ऋतू कुणालाच नीट सापडत नाही, असं शेठजी म्हणत. दरसाल आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी त्यांचे जुने ग्राहक परभणीजवळच्या पेडगावला परमेश्वररावांच्या शेतावर जमत. परमेश्वरराव शेठजींचे कॉलेजातले दोस्त, मोठे बागाईतदार. तिथं नवा डबा उघडला जाई, आणि मंडळींना तो पसंत पडला तरच पेढी तो बाजारात आणी. मागची काही वर्षं तो डबा धम्मशीलेच्या हातचा होता.

मग करोनाची दुसरी लाट आली. धम्मशीलेला ताप आला आणि गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी काहीच येईना. मग जे येऊ लागलं ते त्याहून वाईट. फोडणी पडली की टायर जळाल्यासारखं वाटे. चहाचा कप तोंडाशी नेला की डिझेल. मिश्रणाच्या खोलीत ती बरण्यांची झाकणं उघडायची आणि प्रत्येक बरणीतून तोच एक जळकट, खोटा वास यायचा.

शेठजी भले माणूस होते. त्यांनी तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं, पगार चालू ठेवला. पण श्रावण उलटला तसा त्यांचा फोन आला. यंदाचा शरदाचा डबा त्यांनी बाहेरून मागवायचा ठरवला होता. विलायती तयार माल, तिकडच्या शरदासाठीच बनवलेला. आपण फक्त डबा आपला लावायचा. लोकांना आवडला तर पुढंही तसंच करू, मिश्रणाची खोली चालवणं आता परवडत नाही, असंही ते चाचरत बोलले.

धम्मशीलेनं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच मागितलं, की पेडगावला तिचाही एक डबा ठेवावा, आणि कुठला कुणाचा हे ओढणाऱ्यांना सांगू नये. नाक नसलेल्या माणसानं मिश्रण करायचं म्हणजे काय, हे शेठजी बोलले नाहीत, पण तिला ऐकू आलं. शेवटी इतक्या वर्षांचा लिहाज धरून ते हो म्हणाले आणि पानांची पेटी पार्सलनं परभणीला धाडून दिली.

घरात सुलाबाईंनी लेकीच्या नाकाचा ताबा केव्हाच घेतला होता. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगायला सांगितलं होतं. बाईंनी त्याचा वर्गच भरवला. चार वाट्या ओळीनं मांडायच्या, लेकीला डोळे मिटायला लावायचे, आणि एकेक वाटी नाकाखाली धरून विचारायचं, "सांग." चुकलं तरी रागवत नसत. नुसतं "पुन्हा" म्हणत. पण पेटी आली तशी त्या अंतर राखून वागू लागल्या. पेटी गच्चीवर ठेवायची, घरात आणायची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

धम्मशीला गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसू लागली. जीभ तिची शाबूत होती. कुठलं पान किती तापतं, कुठलं चावतं, बोटांना ओल किती लागते, हे तिला अजून कळत होतं. पण वास नाही म्हणजे अर्धं आंधळं. ती मूठभर मिश्रण करायची, दोन झुरके घ्यायची, आणि पुढं काय हे न कळून सगळं कागदावर उलटून ठेवायची. असं कितीतरी वेळा झालं. एका दुपारी तिनं सोनेरी पान म्हणून चक्क त्याच रंगाचं दुसरं चिरलं, आणि ते लक्षात आल्यावर कात्री खाली ठेवून गुडघ्यांत डोकं घालून बसली.

सुलाबाई वाळवण काढायला वर आल्या होत्या. त्यांनी बघितलं. खाली गेल्या आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन परत आल्या.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "मी घेते वास. तू फक्त कोनतं पान कोनतं ते सांग."

"आई, तुला मळमळंल."

"पोरांच्या तोंडाचा वास घेऊन घेऊन माझी सारी नोकरी गेली. कुनी काय खाल्लं, कवा खाल्लं, वरून बडीशेप खाल्ली का पेरू, सगळं सांगत होते मी. मला तू शिकवू नको."

धम्मशीलेला हसू आलं आणि रडूही. आईचं नाक तंबाखूवरच तयार झालं होतं, ही गोष्ट दोघींच्याही कधी ध्यानात आली नव्हती.

बाईंनी अटी घातल्या. आपल्यासमोर पेटवायचं नाही. पेटवायचंच तर गच्चीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. आणि हे विहारात कुणाला कळता कामा नये. रोज पंचशील म्हणणारी बाई तंबाखू हुंगत बसते हे लोकांना कसं समजावणार? मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं नाक पुसलं आणि पहिलं पान उचललं.

"गुऱ्हाळाशेजारी गवत वाळायलंय," त्या म्हणाल्या. दुसरं उचललं. "शेंगदाने भाजता भाजता तवा जरा जास्त तापला." तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "चुलीपुढून उठून आलेल्या मानसाचं धोतर." चौथ्यापाशी त्या थांबल्या. पुन्हा हुंगलं. "हे आंबट हाय. चिंचेच्या पाल्यागत. वाईट न्हाई."

धम्मशीला ऐकत राहिली. प्रत्येक पान तिच्या डोळ्यांपुढं परत उभं राहत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला आपली पानं ओळखीची वाटली.

त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की दोघी गच्चीवर जाऊ लागल्या. लेक चिरायची, मिसळायची, आई हुंगायची आणि शेरा द्यायची. काही शेरे फार कडक असत. एका मिश्रणाला त्यांनी "कॉपी करून पास झालेलं" म्हटलं होतं. धम्मशीलेनं विचारलं, म्हणजे काय? तर त्या म्हणाल्या, वरून सगळं बरोबर, आतून काही नाही. आणि ते खरं होतं. त्यात तिनं मागच्या वर्षीचंच प्रमाण आठवून घातलं होतं.

बोलता बोलता एकदा सुलाबाईंनी विचारलं, की त्या विलायती मालात असं काय आहे. धम्मशीलेनं समजावलं. तिकडचा शरद म्हणजे पानगळ, गारठा, घरात पेटवलेली शेगडी. म्हणून ते लोक धुरावरचं पान भरपूर घालतात, ऊब यावी म्हणून.

"आन आपल्याकडं?" बाई म्हणाल्या. "ऑक्टोबरात दुपारी डांबर पातळ व्हायलंय, आन पहाटं गोधडी लागायली. तू कोनत्या टायमाचं बनवायलीस?"

धम्मशीलेनं आजवर केलेले सगळे डबे संध्याकाळचे होते. दुपारचा विचार तिनं कधी केलाच नव्हता. आणि पेडगावची मंडळी तर भर दुपारी जमत आणि दिवस बुडेपर्यंत बसत. एकाच बैठकीत त्यांना दोन ऋतू लागत.

ती झटकन उठली. पाईप वरून खाली जळत जातो, हे तर रोजचंच होतं. बारीक चिरलेलं पान आधी पेट घेतं, जाड चिरलेलं मागं राहतं. म्हणजे सोनेरी पान केसासारखं बारीक चिरून सुरुवात हलकी ठेवता येईल, आणि तपकिरी पान दाबून, जाड कापून शेवटाला ऊब देता येईल. धुरावरचं पान फक्त चिमूटभर, तेही तळाला जाणवेल इतकंच. दुपार ढळताना पेटवलेला पाईप संध्याकाळी संपेल, आणि तंबाखूही तशीच दुपारची संध्याकाळ होत जाईल.

विचार पक्का होता, पण जमेना. सुरुवात छान व्हायची, शेवटही. मधेच काहीतरी तुटायचं. पलीकडच्या कोपऱ्यातून धूर यायचा, सुलाबाई पदर बाजूला करून वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. "एक तास सुटला, दुसऱ्या तासाचे गुरुजी आलेच न्हाईत," असं त्यांनी त्या जागेचं वर्णन केलं. काय कमी आहे हे मात्र त्यांना सांगता येईना, आणि लेकीला तर कळायची सोयच नव्हती. पौर्णिमा जवळ येत चालली होती.

एका सकाळी धम्मशीला स्कूटी काढून पेडगावच्या रस्त्याला लागली. डोकं शिणलं होतं, वारा लागावा एवढाच हेतू. ऊन अजून वर आलं नव्हतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालं होतं, मळणी होऊन गुळीचे, म्हणजे मागं उरलेल्या भुसकटाचे ढीग लागले होते, आणि पहाटेच्या दहिवरानं ते ओले झाले होते. एका ढिगाजवळून जाताना तिच्या नाकात काहीतरी शिरलं. ती पुढं निघून गेली होती. तिनं करकचून ब्रेक दाबला.

टायर नव्हता. डिझेल नव्हतं. वाळलेल्या काडीचा, ओलसर, किंचित आंबूस वास होता, थंड आणि मोकळा. खराखुरा. ती गाडी उभी करून ढिगापाशी गेली आणि दोन्ही हातांत गुळी घेऊन त्यात तोंड खुपसलं. शेतातली बाई लांबून बघत होती. तिनं जवळ येऊन विचारलं, बाई, चक्कर आली का. धम्मशीलेनं डोळे पुसले आणि मूठभर गुळी नेऊ का म्हणून विचारलं. त्या बाईनं पिशवी भरून दिली.

घरी येऊन तिनं ती मूठ आईच्या हातात ठेवली आणि विचारलं, यातलं आपल्या कुठल्या पानात आहे? सुलाबाईंनी हुंगलं, डोळे मिटले.

"ते चिंचेच्या पाल्याचं. पन ते कोंडलेलं वाटतंय. ह्याला हवा लागलीय."

धम्मशीलेनं त्याच रात्री ते बारीक पान सुपात पसरून उघड्या गच्चीवर दहिवरात ठेवलं, आणि सकाळी सावलीत सुकवलं. असं काही रात्री केलं. पान मऊ पडलं, त्याचा आंबटपणा उतरला आणि मागं गवताची गार चव राहिली. ते तिनं मध्यम चिरून मिश्रणात घातलं, सगळं एकत्र दाबून ठेवलं. पौर्णिमेला विहारातला पावसाळ्याचा वर्षावास संपला. सुलाबाई पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आल्या, आणि आल्या त्या थेट गच्चीवर चढल्या. लेकीनं पलीकडच्या कोपऱ्यात पाईप पेटवला. बाई तो संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता शाळा पूर्ण भरली."

या वेळी धम्मशीलेलाही थोडं कळलं होतं. सगळं नाही. पण मधला तो गवताचा वास आला आणि गेला, तो तिनं स्वतः पकडला होता.

रविवारी दोघी पेडगावला पोचल्या, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. परमेश्वररावांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरापुढं लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, पलीकडं कापूस फुटून पांढरा झाला होता. नांदेडचे एक निवृत्त डॉक्टर होते, लातूरचे एक फौजी साहेब, हैदराबादेहून आलेले दोघं-तिघं वकील. परमेश्वररावांनी सुलाबाईंना आदरानं खुर्ची दिली, पण धम्मशीलेकडं बघून शेठजींना हळूच काहीतरी म्हणाले. तिला पुरतं ऐकू आलं नाही. 'आजारी माणूस' एवढे शब्द कळले.

शेठजींनी दोन सारखी मातीची भांडी मांडली. कशात काय ते फक्त त्यांनाच ठाऊक. मंडळींनी पहिल्यातली तंबाखू भरली आणि पेटवली. धूर दाट, भारदस्त, शेकोटीसारखा. दोन-चार माना डोलल्या. पण ऊन कडक होतं आणि वारा पडला होता. हळूहळू रुमाल बाहेर निघाले. फौजी साहेबांनी पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, माल उंची आहे यात शंका नाही, पण उन्हात स्वेटर घालून बसल्यासारखं वाटतंय. अर्धे पाईप अर्ध्यावरच विझले.

मग दुपार ढळता ढळता दुसरं भांडं पुढं आलं. धम्मशीलेनं हात मांडीखाली दाबून धरले. काड्या ओढल्या गेल्या. धूर पातळ होता, पांढरा. एक वकील सांगत होते ती गोष्ट त्यांनी मधेच सोडली आणि ती पुढं सांगायची विसरले. ऊन लिंबाच्या बुंध्यावरून खाली सरकलं. वारं सुटलं. डॉक्टरांनी पाईप तोंडातून काढून त्याच्याकडं बघितलं आणि परत तोंडात धरला. ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "हे बदलायलं."

कुणी विचारलं नाही काय बदलतंय. सगळ्यांना जाणवत होतं. सुरुवातीचा हलका गोडवा जाऊन शिवारातून सकाळी चालावं तसा गारवा आला होता. दिवस कलला, कापसावर पिवळं ऊन पडलं, आणि भाजल्या शेंगांची ऊब वर येऊ लागली. अंगाला गारठा लागायला आणि तळाचा तो चिमूटभर धूर जाणवायला एकच गाठ पडली. राख होईपर्यंत एकही पाईप खाली ठेवला गेला नाही.

शेठजी उभे राहिले. त्यांना मंडळींना पसंतीसाठी हात वर करायला सांगायचं होतं. पण त्याआधीच परमेश्वरराव उठून दुसऱ्या भांड्याकडं गेले आणि आपला पाईप पुन्हा भरू लागले. मागून डॉक्टर आले, मग फौजी साहेब, मग वकील. भांड्याच्या तळाला बोटं घासल्याचा आवाज आला. पहिल्या भांड्याला पुन्हा कुणी हात लावला नव्हता.

शेठजी त्या दोन भांड्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की दुसरं भांडं धम्मशीलेचं. विलायती माल परत जाईल, मिश्रणाची खोली चालू राहील, आणि यंदाच्या शरदाच्या डब्यावर पेढीच्या नावाखाली धम्मशीलेचं नाव छापलं जाईल, जे या पेढीनं आजवर कुणाचं छापलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. परमेश्वरराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मी चुकलो, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि हात जोडले.

धम्मशीला उठून उभी राहिली. तिनं एकेक शब्द नीट उच्चारला. "हे मिश्रण माझं आहे. पण नाक माझ्या आईचं आहे."

सगळ्यांनी सुलाबाईंकडं बघितलं. बाईंना चार शब्द बोलायचा आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला, आणि सभेकडं असं बघितलं की फौजी साहेबांनी नकळत पाईप पाठीमागं नेला.

"तंबाखू वाईटच," त्या म्हणाल्या. "तुमी सगळे शिकलेले, तुमाला ठाऊक हाय. सोडली तर तुमचंच भलं. मी आयुष्यभर हेच सांगितलं, उद्याबी हेच सांगणार." मग त्या लेकीकडं वळल्या. "पन माझ्या लेकीनं ह्या मातीचा ऋतू नाकात धरला, तेही नाक गेलेलं असताना. ते काम दुसऱ्या कुनाचं न्हाई. ते तिचं हाय."

पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. डॉक्टर तर उभेच राहिले.

परमेश्वररावांची गाडी दोघींना परभणीला सोडायला आली. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या सरजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, माय-लेकी नटूनथटून कुठं गेल्या होत्या. धम्मशीलेला वाटलं, आई आता शेतीमालाच्या कंपनीचं सांगेल.

सुलाबाई थांबल्या, पदर सावरला.

"लेक जिंकली माझी," त्या म्हणाल्या.

"कशात?"

"तंबाखूत," सुलाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, आणि ओट्यावर टेकून सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या.